पीळ

लेवार्डनहून निघालो तेव्हा उजाडलंही नव्हतं.
विबे गाडीच्या पाठीशी गुडघे टेकून,
टॉर्च दातांत,
आणि मी दारात थर्मास धरून.
दोन सायकली रॅकवर चढवायला
माणसाला वेळ तो किती लागावा?
आमच्याकडे सव्वा तास.

पेडल काढून जुन्या मोज्यात.
माझी सायकल आतल्या बाजूला, त्याची बाहेर.
कुणी मागून धडकलंच तर
त्याची आधी मार खाईल, म्हणतो.
दोन्हींच्या मध्ये तो टॉवेल,
ज्यानं निन्केला बारा उन्हाळे समुद्रावर पुसलं.
हँडल फाटक्या ट्यूबनं दांड्याला आवळलेलं.
आणि शेवटी रुंद काळा पट्टा,
त्याला मधोमध एक पीळ.
सपाट बांधला तर वाऱ्यात भुणभुणतो,
गाडीत माशी शिरल्यासारखा, थेट फ्रान्सपर्यंत.
पीळ दिला की गप्प.
एकतीस वर्षांच्या संसारात विबेकडून शिकलेली
ही एवढीच गोष्ट
मी दुसऱ्या कुणाला शिकवू शकेन.

दर पन्नास किलोमीटरला थांबायचं.
उतरायचं, ओढून पाहायचं,
कुलपाला अंगठा लावायचा.
मी आरशात बघत बसते:
माझं पुढचं चाक वाऱ्यानं आपलं आपण फिरतंय,
जमिनीला न शिवता
माझ्याआधीच डोंगराकडे निघालंय.

हे सगळं आर्नहेमपासूनचं.
निन्के सात वर्षांची होती.
आरशात काहीतरी नारिंगी उडालं,
मागचा ट्रक हेलकावला, सावरला,
भोंगा दाबून ठेवत शेजारून निघून गेला.
ड्रायव्हरचा चेहरा विबेनं पाहिला.
तो कसा होता, हे मी कधी विचारलं नाही.
निन्के मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेली.
जाग आल्यावर म्हणाली, माझी सायकल?
चोरीला गेली, आम्ही म्हणालो,
दोघंही, एकदम.
ती आता तीस वर्षांची आहे.
अजून त्या चोराला शिव्या घालते,
आणि विबे ताटातला बटाटा कुस्करत राहतो.

मेट्झच्या अलीकडे, मोटेलात,
रात्री तीनला कूस बदलली तर शेजारी गार.
खिडकीतून पाहिलं:
पिवळ्या दिव्याखाली विबे, पायजम्यावर रेनकोट.
दुसऱ्या गाडीपाशी आणखी एक माणूस,
टकला, बनियनवर कोट, पोलिश नंबरप्लेट.
त्याच्या रॅकवर चार सायकली.
त्यातली एक एवढीशी, हँडलला रिबिनी.
दोघांना एकमेकांची भाषा येत नसणार.
त्यानं आमचा पट्टा ओढून पाहिला,
मान हलवली.
मग विबेनं त्याच्या पट्ट्याकडे बोट केलं,
ओठ मिटून माशीसारखा आवाज केला,
पट्टा सोडला, पीळ दिला, परत आवळला,
आणि ओठांवर बोट ठेवलं.
तो माणूस हसला. काचेमुळे ऐकू नाही आलं,
पण खांदे हलले.

तो आत गेल्यावरही विबे तिथेच.
त्या एवढ्याशा सायकलीपाशी.
ती हलवून पाहिली. पुन्हा हलवली.
मग आमच्या गाडीकडे आला, काहीतरी सोडवलं,
आणि परत तिकडे जाऊन बराच वेळ वाकून राहिला.

पांघरुणात त्याचे पाय बर्फासारखे.
"आहे ना नीट?" मी.
"आहे," तो.

सकाळी ती गाडी गेलेली होती.
घाट लागला तसं माझ्या सायकलचं हँडल
मागे डावी-उजवीकडे मान हलवायला लागलं,
नाही, नाही, नाही.
ट्यूब जागेवर नव्हती.
विबे रस्त्याकडे बघत राहिला, मी नकाशाकडे.

पुढच्या थांब्यावर या वेळी मी आधी उतरले.
गळ्यातला मफलर काढला,
हँडल दांड्याशी बांधलं,
पीळ देऊन.

विबेनं येऊन ओढून पाहिलं.
मग आणखी एकदा ओढून पाहिलं.